विसातले आठ

४ फेब्रुवारी, मंगळवार

तलासरीच्या बाजारात आज काळीबाई भेटली. वनजमिनीच्या मोर्चात घोषणा मी द्यायची, पण लोक चालायचे ते तिच्या मागे. तिची थोरली मुलगी सुकी टेकडीवरच्या गोल्फ क्लबात कॅडी आहे. म्हणजे खेळायला येणाऱ्यांच्या पिशव्या वाहते. पाड्यावर त्या मैदानाला कोणी गोल्फ म्हणत नाही, ‘गवत’ म्हणतात. सुकी गवतावर गेली, सुकी गवतावरून आली.

काळीबाईने मिरच्या निवडता निवडता सांगितलं. क्लब एका कॅडीला सहा महिने पुण्याला शिकायला पाठवणार. परत आल्यावर शिक्षकाची कायम नोकरी.

“मग सुकीच जाणार की. सगळे म्हणतात तिच्यासारखं कोणी मारत नाही.”

“तिचा आकडा बसत नाय, ताई. बारा पायजे, नायतर बाराच्या खाली. २८ तारखेपर्यंत.”

“कसला आकडा?”

“हँडिकॅप का काय. दिपक लिवतो तो.”

दिपक! माझा विद्यार्थी. आठवीत वर्गप्रतिनिधीच्या निवडणुकीत मतं मोजायला त्यालाच बसवलं होतं आणि निवडून तोच आला होता. तेव्हा मी गप्प बसले. आता बसणार नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

सरावलीहून सकाळची शेअर ईको व्हॅन पकडून तलासरी, तिथून टेकडी. दिपक क्लबच्या ऑफिसात बसतो. मला पाहून उठला, “बाई, तुम्ही?” म्हणाला, चहा मागवला. चहात साखर माझ्या आवडीइतकीच होती. वीस वर्षांनी कसं लक्षात राहतं? तयारीत असल्याशिवाय नाही.

हँडिकॅप म्हणजे काय ते विचारलं. त्याने सांगितलं ते जसं समजलं तसं लिहिते. समजा सुकीचा हँडिकॅप पंधरा आणि समोरच्या मेंबरचा पाच. ती नव्वद फटक्यांत अठरा होल, म्हणजे खड्डे, संपवते, तो ऐंशीत. तिच्यातून पंधरा वजा, त्याच्यातून पाच. दोघंही पंचाहत्तर. सामना बरोबरीत.

आयुष्यभर सभांमधून ओरडून सांगत आले की शर्यत एकाच रेषेवरून सुरू करणं म्हणजे न्याय नव्हे. आधी कोणाला किती मागे ढकललंय ते मोजा, मग शिट्टी वाजवा. ते माझ्या सभेत ऐकताना शेठ लोक जांभया देतात. आणि इथे? स्वतःच्या करमणुकीत तोच न्याय दशांश चिन्हापर्यंत मोजून ठेवलाय!

पण मी भुलले नाही. सुकीचा कागद मागितला. डिसेंबरअखेर १५.२, आज १३.४.

“म्हणजे महिन्याभरात तिची सवलत काढून घ्यायला लागलात!”

“बाई, कमी होणं चांगलं असतं.”

“गरिबाचं कमी होणं चांगलं असतं? हे तुला मी शिकवलं?”

“खेळ सुधारला की हँडिकॅप उतरतो, बाई. बारापर्यंत जायचं तर उतरायलाच हवा ना?”

हे बरोबर होतं. म्हणून जास्त राग आला. सुकीच्या आणि तिच्याबरोबर खेळणाऱ्या तिघा कॅडींच्या, फटके नोंदवायच्या कार्डांचे छापील कागद मागितले. त्याने लगेच काढून दिले, वर पिनही मारून दिली. लपवण्यासारखं काही नसणारा माणूस इतकी पिन मारत नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

दोन दिवस गणित. मी इतिहासाची बाई, पण मोठमोठे सरकारी अहवाल तळटिपांसकट वाचून काढलेत. हेही काढीन.

रीत अशी. एका खेळाचे एकूण फटके घ्यायचे. त्यातून या मैदानाचा ठरलेला आकडा, ७०.४, वजा करायचा. जे उरेल त्याला ११३ ने गुणायचं आणि मैदानाच्या अवघडपणाच्या आकड्याने, इथे १२०, भागायचं. सुकीचे ८३ फटके. वजा ७०.४, उरले १२.६. गुणिले ११३, भागिले १२०. आलं ११.९. असं शेवटच्या वीस खेळांचं काढायचं. त्यातले सगळ्यात चांगले आठ निवडायचे आणि त्यांची सरासरी. बाकीचे बारा खेळ कितीही वाईट असोत, त्यांना कोणी विचारत नाही.

काल फोनवर दिपकला विचारलं, “११३ च का? ११० का नाही?”

“जगभर तेच आहे, बाई.”

“जगभर अन्यायही तोच आहे.”

सुकीचं विसावं कार्ड होईपर्यंत आकडेमोड केली. १३.४. दिपकचं एक दशांशही चुकलेलं नाही. चोर हिशेबात नसतो तेव्हा तो मुळात असतो. म्हणून कार्डंच समोर पसरली.

आणि सापडलं.

हे चौघं, सुकी, धाकली, सुदाम आणि रूपेश, दर सोमवारी क्लब मेंबरांना बंद असतो तेव्हा एकत्र खेळतात. सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंतचे त्यांचे आकडे बघा. ८८, ८८, ८७, ८८. पुढच्या सोमवारी ८६, ८७, ८७, ८७. त्यापुढे ८८, ८९, ८८, ८८. चार वेगळी माणसं, रूपेशचा गुडघा अधू, आणि आकडे मात्र एका साच्यातून काढलेल्या विटा! मग जानेवारी लागतो आणि सुकी एकटी उतरते, ८५, ८४, ८४, ८३, ८३. बाकी तिघं वर जातात आणि तिथेही एकसारखे, ९०, ९०, ८९.

हे खेळाडूंचे आकडे नाहीत. हे कोणीतरी बसून लिहिलेत.

१० फेब्रुवारी, सोमवार

आज स्वतः टेकडीवर गेले. चौघं खेळत होती, मी छत्री घेऊन मागे. सुकीने पहिला फटका मारला तेव्हा आवाज असा आला की पलीकडच्या ताडावरचे पक्षी उठले. मुलगी दोन पिशव्यांचं वजन वाहून खांद्याने थोडी झुकली आहे, पण मारताना सरळ होते. मी वहीत तिच्या प्रत्येक फटक्याची रेघ ओढली. एकोणऐंशी.

रूपेशचे मोजले नाहीत. एका होलला त्याने तळ्यात तीन चेंडू घातले, तेव्हा सुदाम म्हणाला, “मासे पकडायचे तर वरोरला जा ना, इकडं कशाला?” आणि सगळे खाली बसेपर्यंत हसले. रूपेशही.

शेवटी पळसाखाली बसून धाकलीने कार्डं लिहिली. मी जवळ जाऊन उभी राहिले. सुकीच्या कार्डावर तिने लिहिलं, ८२.

“एकोणऐंशी झाले,” मी म्हटलं. “मी मोजलेत.”

चौघांनी एकमेकांकडे बघितलं.

“ताई, एकदम उतरलं तर डोळ्यात येतं,” धाकली म्हणाली. “सावकाश बरं.”

“कोणाच्या डोळ्यात?”

धाकली पुढे लिहीत राहिली. “आपलं तिघांचं नव्वद, नव्वद, एक्याण्णव टाकते. रूपेशदादा, एक्याण्णव तुला देऊ का मी घेऊ?”

“मला दे. तळ्याचा मान.”

“हे कोण वाटून देतं तुम्हाला?” मी विचारलं.

“कोण नाय. आमचं आम्हीच.”

“कोणाच्या सांगण्यावरून?”

“आमच्याच,” सुदाम म्हणाला आणि पुन्हा हसला. भीती माणसाला हसायला लावते, हे मी कारखान्यांच्या गेटवर शंभरदा पाहिलंय.

मग सुदामनेच गटांचं सांगितलं. क्लब कॅडींना त्यांच्याच हँडिकॅपवरून काम देतो. बारापर्यंत अ गट, तो अजून रिकामाच, अठरापर्यंत ब, पुढे क. ब गटाला आठवडाभर पाळीने काम. क गटाला फक्त रविवारी बोलावणं.

“आणि तुम्ही चौघं?”

“ब. चार वर्षं झाली. चौघंही.”

“एवढा योगायोग?”

“योगायोग नाय, ताई. मेहनत.”

घरी येऊन हिशेब केला. आजच्या ८२ ने सुकी १२.९ वर आली. खरे एकोणऐंशी लिहिले असते तर आणखी खाली आली असती. तिचे तीन फटके कोणीतरी चोरलेत आणि चोरी धाकलीच्या हाताने करून घेतली. मालक लोक नेहमी हात गरिबाचाच वापरतात.

१२ फेब्रुवारी, बुधवार

क्लबच्या समितीला पत्र लिहिलं. साडेचार पानं. मागण्या दोन. चारही कॅडींच्या कार्डांची चौकशी आणि चौकशी पूर्ण होईपर्यंत एकही नवं कार्ड न स्वीकारणं. खोट्या कागदांच्या ढिगावर आणखी खोटे कागद पडू देणार नाही.

संध्याकाळी सुकी घरी आली. तलासरीहून डहाणू रोडला उतरून सरावलीपर्यंत चालत. पत्राचं कोणी सांगितलं कोणास ठाऊक. पाणी प्यायली, भांडं विसळून ठेवलं.

“ताई, दोन सोमवार थांबा. १७ आणि २४. मग पायजे तेवढी सभा घ्या, मी सतरंजी टाकायला येते.”

“दोन सोमवारांनी काय होणार?”

“माझे आठ होतील.”

“कसले आठ?”

ती माझ्याकडे बघत राहिली. मला सगळं गणित येतं हे तिला ठाऊक असावं, म्हणून गोंधळली असेल. मग म्हणाली, “अकरा वर्षं पिशवी उचलते, ताई. मेंबरला वाकून चेंडू देते. आता एकदा पिशवी खाली ठेवून कोणाला तरी सांगायचंय, असं नको, असं मार. बस.”

“तेच तर मी मिळवून देणार आहे तुला. तुझ्या हक्काचे तीन फटके चोरलेत, सुके!”

“कोणी चोरले नाय.”

“तुला असं बोलायला कोणी पाठवलं?”

ती उठली. दारात म्हणाली, “आई म्हणते तुमचं बोलणं लय भारी असतं.” आणि गेली. यात टोमणा होता का, हे अजून ठरवता येत नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

दिपकचा फोन. “बाई, हे पत्र तुमच्या नेहमीच्या पत्रांसारखं वाया जाईल असं नका समजू, समिती घाबरते तुम्हाला. म्हणून म्हणतो, दोन आठवडे दम धरा. माझ्याकडे जे कार्ड येतं त्याचं मी गणित करतो. कार्ड लिहिणाऱ्यांना मी काही विचारत नाही. तुम्हीही नका विचारू.”

काल सुकी म्हणाली, दोन सोमवार. आज हा म्हणतो, दोन आठवडे. दोघांच्या तोंडी एकच वाक्य. म्हणजे वाक्य तिसऱ्याचंच आहे. पत्र आज हातोहात दिलं. पोच घेतली.

१५ फेब्रुवारी, शनिवार

विजय!

क्लबच्या गेटवर सभा झाली. दीडेकशे माणसं, पाड्यांवरच्या बायका जास्त. चाळीस मिनिटं बोलले, घसा अजून जळतोय. शेवटचा भाग असा उतरला की टाळ्या थांबेनात. मी म्हटलं, “या टेकडीच्या पायथ्याशी भातलावणीला आज सगळा पाडा माझ्या शेतात उतरतो, उद्या तुझ्या. ज्याचे हात कमी त्याच्याकडे आधी जातात. कोणी किती रोपं लावली ते कोणी मोजत नाही! आणि इथे, या गवतावर, माणसाला दशांशात मोजून एकाला अ आणि एकाला क करतात. यांना आपली वाटून घेण्याची रीत कधी कळेल का? समोर असली तरी दिसेल का?”

“नाय!” सगळे ओरडले. सुदाम आणि धाकली मागे उभी होती. ती ओरडली नाहीत. धाकली पायाने माती उकरत होती.

सभा संपायच्या आत समितीचं पत्र आलं. चौकशी मान्य. २७ तारखेपर्यंत अहवाल. तोपर्यंत सोमवारच्या खेळाची कार्डं स्वीकारली जाणार नाहीत. दिपकनेच पत्र आणून माझ्या हातात दिलं. म्हणाला, “बाई, तारखा वाचल्यात ना?” मी माइकवरून वाचून दाखवल्या.

काळीबाई टाळ्या वाजवत होती. सुकी दिसली नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार

सुदामला फोन केला. आज चौघं खेळली म्हणे. कार्ड कोणी घेणार नाही हे माहीत असून. “मग खेळलात कशाला?” तर म्हणाला, “सोमवार होता ना.”

दबावाखालची माणसं सवयीने चालत राहतात.

२० फेब्रुवारी, गुरुवार

चौकशीत साक्ष द्यायला चौघांना एकेक करून बोलावलं. मी हजर राहण्याचा आग्रह धरला. मान्य झाला नाही. बाहेर बाकावर बसले. प्रत्येक जण दोन मिनिटांत बाहेर. काय विचारलं? “कार्ड कोण लिहितं?” काय सांगितलं? “आम्ही.” एकानेही कोणाचं नाव घेतलं नाही. चार माणसांची जबानी शब्दाशब्दाला जुळते, तेव्हा ती पढवलेली असते. रूपेश लंगडत माझ्यासमोरून गेला. मी म्हटलं, “रूपेश, घाबरू नकोस, मी आहे.” तो म्हणाला, “तेच.”

२७ फेब्रुवारी, गुरुवार

अहवाल आला. गणितात चूक नाही. कार्डांवर खेळाडूंच्याच सह्या. कोणावर कारवाई नाही. मात्र एक मार्चपासून सोमवारच्या खेळात क्लबचा माणूस बरोबर चालेल आणि प्रत्येकाचे फटके तोच लिहील.

अर्धा विजय तरी आहे. पारदर्शकता आली! दिपकला फोन करून सांगितलं की हे आमच्या रेट्याने झालं. तो म्हणाला, “हो बाई. तुमच्याच.”

सुकीचा आकडा १२.९ वरच थांबलाय.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

मुदत संपली. पुण्याला कोणीच गेलं नाही. बारापर्यंत कोणी बसलंच नाही म्हणून जागा या वर्षी रद्द. बघितलंत? द्यायचीच नव्हती त्यांना. सगळा देखावा. पुढच्या सभेची टिपणं सुरू केली.

पण एक गोष्ट टोचते. सुकीने एकदाही तक्रार केली नाही. लढायला बोलावलं तर दोन सोमवार थांबा म्हणाली, साक्षीत गप्प राहिली. तिला क्लबाने आतून काही कबूल केलं असेल का? काळीबाईच्या मुलीबद्दल असं लिहिताना हात अडखळतो. तरी लिहिते. मी कोणालाच वगळत नाही.

४ मार्च, मंगळवार

दुपारी धाकली आली. बसली नाही. पदराच्या गाठीतून दुमडलेली दोन कार्डं काढून टेबलावर ठेवली.

“तुम्हाला कार्डं तपासायची हौस ना, ताई. ही दोन राहिली.”

१७ फेब्रुवारी, सुकी, ८२. २४ फेब्रुवारी, सुकी, ८०. खाली धाकलीची आणि सुकीची सही.

“हे खरे फटके? की वाटलेले?”

“खरे. तिचेच. आधी चौघांचे फटके मिळवून सारखे वाटायचो, तिच्यातलं आम्ही खायचो, म्हणून हे आठ सोमवार तिला सोडायचे ठरलं होतं. आमचे जुने आठ होतेच ब मध्ये ठेवायला. कोणाचं काय जात नव्हतं.”

“ठरलं होतं? कोणी ठरवलं?”

धाकलीने कपाळाला हात लावला. “ताई, तुम्ही एवढी पुस्तकं वाचता.”

“सुकी कुठे आहे?”

“गवतावर. पिशवी उचलायला. काल क्लबचा माणूस आला होता मोजायला. सुकीचे एक्याऐंशी, रूपेशदादाचे एकशे दोन. असंच लिवलं तर दिवाळीपर्यंत तो क मध्ये. रविवारपुरता. तो आत्ताच संजाणला काम बघतोय, पण गुडघा बघून कोण घेतं.”

ती गेली.

कार्डं समोर ठेवून रीतसर गणित केलं. ८२ चे येतात १०.९. ८० चे ९.०. आधीच्या सहा सोमवारांचे माझ्याच वहीत आहेत, १३.७, १२.८, १२.८, ११.९, ११.९, १०.९. आठांची बेरीज ९३.९. भागिले आठ. ११.७.

बाराच्या आत.

पुन्हा केलं. ११.७. मग आठही पहिल्यापासून काढले, वजाबाकी, गुणाकार, भागाकार, एकेक ओळ. ११.७.

ही दोन कार्डं २८ तारखेच्या आत दिपककडे गेली असती तर, असं वाक्य लिहायला घेतलं होतं. ती का गेली नाहीत, त्याचा ठराव माझ्या पत्राच्या शब्दांत आहे. पोच फाइलमध्ये लावलेली आहे.

यात कुठेतरी घोळ असणार. भागाकार माझा पहिल्यापासून कच्चा. कोणाकडून तरी तपासून घ्यायला हवं आणि हे गणित येणारा माणूस मला एकच माहीत आहे. उद्या सकाळच्या ईकोने टेकडीवर जाते. दिपकला म्हणेन, माझं काय चुकलंय ते दाखव.